हार्डबोर्डासाठी लाकूड : विदर्भातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

बोर्डाच्या धंद्यात नवीन आलेला माणूस हटकून विचारतो, सगळ्यात चांगला बोर्ड कोणत्या लाकडाचा होतो? यार्डावर जुना झालेला माणूस उलट त्यालाच विचारतो, तुझ्याकडे कोणतं लाकूड वर्षभर एकसारखं येतं? चांगला बोर्ड सुबाभळीचा होतो, निलगिरीचा होतो, बांबू घालून होतो, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, घालूनही होतो. बिघडतो तो रोज वेगळी मिसळ टाकल्यानं.

धुऱ्यावर सुबाभूळ लावून माल विकू पाहणारा कास्तकार, आरा मशीनवर उरलेल्या लाकडाला गिऱ्हाईक शोधणारा मालक आणि बोर्डाच्या युनिटात यार्डावर किंवा प्रेसवर नुकतीच लागलेली पोरं, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

पहिली पायरी : बोर्ड होतो कसा, ते आधी समजून घ्या

हार्डबोर्ड म्हणजे भुसा चिकटवून केलेली फळी, असा समज गावोगावी आहे. भुशाचा आणि बारीक तुकड्यांचा होतो तो पार्टिकल बोर्ड. हार्डबोर्डासाठी लाकडाच्या ढलप्या, म्हणजे चिप्स, वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात आणि ते एकमेकांत गुंतवून दाबतात. १९२४ मध्ये अमेरिकेत विल्यम मेसन यांनी जास्त दाबाच्या वाफेतून ढलप्या एकदम मोकळ्या सोडून तंतू फोडण्याची रीत काढली. १९३१ मध्ये स्वीडनच्या आर्ने आस्प्लुंड यांनी वाफेच्या दाबाखालीच खाचदार चकत्यांमध्ये ढलप्या रगडणारं डिफायब्रेटर आणलं. आजच्या रिफायनरचं, म्हणजे तंतू सुटे करणाऱ्या यंत्राचं, मूळ त्यात आहे.

ओल्या पद्धतीत लगदा भरपूर पाण्यात कालवून जाळीवर पसरतात. पाणी निथळून ओली चटई तयार होते आणि ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये जाते. वाफ बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून चटईखाली जाळी ठेवतात. बोर्डाची एक बाजू गुळगुळीत आणि मागची जाळीच्या ठशांची असते, ती त्यामुळेच. या पद्धतीत लाकडातलं लिग्निन गरम दाबाखाली मऊ होऊन तंतूंना धरतं. बाहेरून रेझिन, म्हणजे कृत्रिम गोंद, आणि मेण अगदी थोडं घालतात. सुक्या पद्धतीत तंतू पाण्याऐवजी हवेनं वाहून नेतात आणि रेझिन बरंच जास्त लागतं.

म्हणजे ओल्या पद्धतीत गोंदाचं बरंचसं काम लाकूडच करतं. झाड बदललं की तंतूही बदलला आणि त्याला धरणारा गोंदही बदलला.

दुसरी पायरी : झाडात काय पाहायचं ते शिका

पहिली गोष्ट तंतूची लांबी. चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे तंतू तीन-चार मिलिमीटर लांब असतात. आपल्या भागात ती झाडं नाहीत. आपली बहुतेक झाडं रुंद पानांची आहेत आणि त्यांचा तंतू एक मिलिमीटरच्या आसपास भरतो. बांबूचा तंतू मात्र सरासरी दोन मिलिमीटरच्या घरात जातो. लांब तंतूनं बोर्डाची वाकण्याची ताकद वाढते. आखूड तंतूनं पृष्ठभाग बारीक, सपाट येतो. दोन्ही मिसळले तर दगडी बांधात मोठ्या दगडांच्या फटीत चिपा बसतात तसे आखूड तंतू लांब तंतूंच्या मधल्या जागा भरतात.

दुसरी गोष्ट लाकडाचा जडपणा. हलक्या लाकडाच्या तंतूची भिंत पातळ असते. दाबाखाली तो चपटा होतो आणि शेजारच्या तंतूला चांगला चिकटून बसतो. धावडा, बाभूळ यांसारख्या जड लाकडाचा तंतू जाड भिंतीचा आणि ताठ असतो. तो सहज दबत नाही, त्यामुळे त्याच वजनाच्या बोर्डात तंतूंचा एकमेकांशी स्पर्श कमी राहतो. "लाकूड भारी तितका बोर्ड भारी" हे फर्निचरमधलं गणित इथे लागू होत नाही. नवीन पोरं जड ओंडका पाहून खूश होतात, त्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं. जड लाकडाचा फायदा एकच: तेवढ्याच डायजेस्टरमध्ये, म्हणजे ढलप्या वाफेवर शिजवायच्या भांड्यात, जास्त वजनाचा माल बसतो.

तिसरी गोष्ट लाकडात मुरलेले पदार्थ: टॅनिन, डिंक, तेल, राळ, साखर. बोर्डावरचे डाग, प्रेसच्या पत्र्याला चिकटणं, रेझिन नीट न धरणं, काळा पडलेला रंग, या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळानिळा रंग होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. म्हणून टॅनिनवालं लाकूड गंजक्या टाकीत उभं राहिलं की बोर्डावर काळे पट्टे उमटतात.

चौथी गोष्ट आंबटपणा. वाफेवर शिजताना लाकडातून असेटिक आम्ल सुटतं. रुंद पानांच्या झाडांतून ते जास्त सुटतं, म्हणून ती लवकर शिजतात आणि जास्त वेळ ठेवली तर करपतातही. ओल्या पद्धतीत लगद्याचा सामू (पीएच) तुरटी वगैरे घालून साधारण ४ ते ५ वर आणतात, म्हणजे मेण तंतूवर नीट बसतं. सुक्या पद्धतीत युरिया रेझिन वापरत असाल तर फार आंबट लाकूड धोक्याचं. रेझिन प्रेस बंद होण्याआधीच वरवर कडक होतं आणि बोर्डाचा पृष्ठभाग भुसभुशीत राहतो.

सिलिकाचा बोर्डाच्या ताकदीशी फारसा संबंध नाही, पण बांबू आणि साग चिपरची, म्हणजे ढलप्या पाडणाऱ्या यंत्राची, पाती आणि रिफायनरच्या चकत्या लवकर झिजवतात. हा खर्च भावात धरत नाहीत, तिथे हिशेब चुकतो.

तिसरी पायरी : आपल्या झाडांची ओळख

सुबाभळीपासून सुरुवात करा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. मध्यम वजनाचं, फिकट रंगाचं लाकूड, ताजं असताना साल सहज सुटते, वावराच्या धुऱ्यावर येतं आणि तोडल्यावर पुन्हा फुटतं. तंतू एक मिलिमीटरच्या जरा वर. बोर्डाचा रंग उजळ येतो. एकट्या सुबाभळीवरही काम चालतं, म्हणून शिकायला हे लाकूड सोपं. बियाण्यानं पसरतं, एवढं मात्र लक्षात असू द्या. शेंगा पिकून फुटण्याआधी कापणी झाली तर शेजारच्या वावराचा त्रास वाचतो.

निलगिरीचा तंतू आणखी आखूड, पण एकसारखा. त्यामुळे बोर्ड गुळगुळीत येतो आणि रंगकामाला चांगला. ऑस्ट्रेलियातला हार्डबोर्डाचा धंदा निलगिरीवरच उभा राहिला. बोर्ड तपकिरी होतो. झाडाचं वय वाढेल तसं गाभ्याचं लाकूड वाढतं आणि त्यात मुरलेले पदार्थही. एकाच ट्रकमध्ये कोवळ्या बल्ल्या आणि जुने जाड ओंडके आले, तर झाड एक असलं तरी माल दोन प्रकारचा समजा.

बांबूकडे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसानं दुर्लक्ष करू नये. बल्लारपूरचा कागद कारखाना वर्षानुवर्षं इथल्या बांबूवर चालला. मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्याच्या लांब तंतूनं बोर्डाला ताकद येते. अडचण पेरांची. पेर नीट शिजत नाही आणि लगद्यात काड्या राहतात. चिपरच्या आधी बांबू चेचून घेतला तर हे बरंच कमी होतं. दुसरी अडचण किड्याची. बांबूत स्टार्च असतो, त्यामुळे ढिगातच भुंगा लागतो आणि पिवळट पीठ गळायला लागतं. तो माल वजनाला घेतलात तर पीठच विकत घेतलंत.

सालई हलकी, पांढुरकी, शिजायला सोपी. विदर्भाच्या सीमेपलीकडे नेपानगरात वर्तमानपत्राचा कागद सालईचा लगदा वापरून करत, यावरून तिच्या तंतूचा उपयोग ध्यानात येईल. पण तिच्यात डिंक-राळ असते, ती पत्र्यावर चिकटते. शिवाय तोडल्यावर लाकूड लवकर डागाळतं. सालई आली की ढिगात ठेवू नका, आधी वापरा.

बाभळीचं लाकूड जड, तंतू ताठ आणि सालीत टॅनिन इतकं, की चामडं कमावायला हीच साल वापरतात. सोलल्याशिवाय बाभूळ घेऊच नये. सोललेली बाभूळ थोड्या प्रमाणात हलक्या लाकडाबरोबर चालते.

सागाबद्दल जरा खुलासा करतो, कारण विदर्भात आरा मशीनवर सर्वात जास्त उरतो तो सागच. आलापल्लीच्या सागाचं नाव मोठं, त्यामुळे "सागाचा बोर्ड" म्हटलं की गिऱ्हाईक भुलतं. सागातल्या तेलकट पदार्थामुळे फळीला वाळवी सहजी लागत नाही, तोच पदार्थ बोर्डात तंतू एकमेकांना धरू देत नाही. रंग काळसर, पट्टेदार येतो. सागाच्या कडेच्या सालीसकट निघालेल्या पट्ट्या सोलून मिश्रणात थोड्या घालाव्यात. आणि भुसा घालू नये. करवतीनं तंतू आडवा चिरलेला असतो, त्यातून लांब तंतू मिळणार कुठून? तो भुसा पार्टिकल बोर्डवाल्याला किंवा विटाभट्टीला द्या.

मोहफुलाच्या झाडाला बोर्डासाठी हात लावू नका. त्याच्या फुलांवर आणि टोळीवर, म्हणजे बियांवर, घरं चालतात, लाकडाचा भाव त्याच्या जवळपासही जात नाही.

पऱ्हाटी : हिच्यासाठी वेगळं लिहायला हवं

कापूस वेचून झाल्यावर विदर्भभर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. चुलीत जातात, कुपाला लागतात किंवा धुऱ्यावर पेटवल्या जातात. ही खरं तर लाकडासारखीच वस्तू आहे. सालीचा तंतू लांब, आतल्या गाभ्याचा आखूड. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं विकसित केलं आहे आणि नागपूरच्या तिच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात त्यावर काम झालं आहे. नवख्यानं तिथे एकदा जाऊन यावं.

हार्डबोर्डासाठी पऱ्हाटी घेताना त्रास तीन ठिकाणी होतो. एक, साल दोरीसारखी सुटते आणि चिपरच्या दांड्याला गुंडाळते. माल फार ओला नको, पाती धारदार हवीत. दोन, चिमट्यानं उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला काळी माती असते. मुळाचं टोक तोडा किंवा ढलप्या धुऊन घ्या, नाहीतर चकत्या वाळूनं खराब होतील. तीन, वाळलेली बोंडं. त्यातला कापूस लगद्यात गाठी करतो आणि त्याच बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणूनच कृषी खातं पऱ्हाट्या वावरात किंवा गावाजवळ रचून ठेवू नका म्हणून सांगतं. गोळा करणाऱ्यानं बोंडं झाडून घ्यावीत, पऱ्हाटी लगेच चिरून ढलप्या कराव्यात आणि नेमकी हीच गोष्ट कास्तकाराला पटवून द्यावी: तुझं वावर लवकर मोकळं होतं आणि अळीचा थाराही मोडतो.

तुराटी हलकी आणि आत भुसभुशीत. बोर्डात थोडी चालते, मुख्य माल म्हणून नको.

चौथी पायरी : तोडण्याआधी कागद

स्वतःच्या वावरातलं झाड असलं तरी १९६४ च्या झाडं तोडण्याच्या विनियमन कायद्यात साग, मोह, ऐन, आंबा, चिंच अशी झाडं आहेत. ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कोणत्या जातीला वाहतूक परवाना लागतो, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा आणि मगच ट्रक ठरवा. बांबूचं वेगळं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेर लावलेला बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला आहे. जंगलातल्या बांबूला ही सूट नाही.

पाचवी पायरी : ओल, साल आणि ढलपी

वजनावर माल विकणाऱ्यानं ओल मोजायला शिकलंच पाहिजे. १०० ग्रॅम ढलप्या घ्या, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ६० ग्रॅम उरल्या तर ओल्या वजनावर ओल ४० टक्के. पण प्रयोगशाळेत हीच ओल सुक्या वजनावर मोजतात आणि ती ६७ टक्के येते, कारण ६० ग्रॅम लाकडामागे ४० ग्रॅम पाणी आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. सौदा करताना कोणत्या वजनावर मोजणार ते आधी लिहून घ्या. यावरून होणारी भांडणं सगळ्यात फुकटची.

आता विदर्भाच्या उन्हाळ्याचं गणित बघा. ४० टक्के ओलीच्या १० टन मालात ६ टन सुकं लाकूड असतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तो पडून राहिला आणि ओल २० टक्क्यांवर आली, तर काट्यावर साडेसात टन भरेल. ओल्या वजनावर विकणाऱ्या कास्तकाराचे अडीच टन यार्डात उडाले. कारखान्याचंही नुकसानच होतं, कारण फार सुकलेल्या लाकडाचा चिपरमध्ये फुटून चुरा होतो आणि वाफही त्यात सारखी मुरत नाही. तोडल्यापासून चिपरपर्यंतचे दिवस कमी करणं दोघांच्याही फायद्याचं आहे. उन्हाळ्यात ढिगावर पाणी शिंपडा. पावसाळ्यात ढीग जमिनीपासून उचलून ठेवा, कारण बुरशी लागलेल्या लाकडाचा तंतू तुटका निघतो. खिळ्यानं टोचून बघा, खिळा मऊसर आत गेला तर तो ओंडका बाजूला.

साल शक्य तितकी काढा. सालीत धड तंतू कमी आणि बारीक भुकटी जास्त असते. ती जाळीवरचं पाणी निथळू देत नाही, बोर्डावर काळे ठिपके सोडते आणि वाकण्याची ताकद उतरवते.

ढलपी साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब आणि तीन-पाच मिलिमीटर जाड असावी. जाडीकडे जास्त लक्ष द्या. जाड ढलपीचा गाभा कच्चा राहतो आणि पातळ ढलपी तोवर करपते.

सहावी पायरी : ढीग वेगळे ठेवा

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. यार्डात जागा कमी असली तरी प्रत्येक झाडाचा ढीग वेगळा, त्यावर पाटी, पाटीवर आल्याची तारीख. मिश्रण चिपरच्या तोंडाशी, ठरलेल्या मापानं. एक लाकूड मुख्य धरा, निम्म्याहून जास्त तेच असू द्या, आणि बाकीची त्याला पूरक म्हणून घाला. मुख्य माल निलगिरीचा असेल तर लांब तंतूसाठी बांबू, जड लाकूड असेल तर हलकेपणासाठी सुबाभूळ किंवा सालई. प्रमाण बदलायचं असेल तर एका वेळी एकाच लाकडाचं, आणि थोडंथोडं.

कारण साधं आहे. वाफेचा दाब, शिजवण्याचा वेळ, चकत्यांमधलं अंतर, मेण, प्रेसचा वेळ, हे सगळं एका मिश्रणाला बसवलेलं असतं. सुबाभळीला बसवलेल्या वेळेत धावड्याची ढलपी कच्ची राहते. धावड्याच्या वेळेत सुबाभूळ करपते, लगदा गडद होतो, मालही कमी निघतो. दोन्ही एकत्र टाकले तर एकाच बोर्डात काड्याही दिसतात आणि करपटही.

रिफायनरच्या पुढे उभं राहून रोज एक गोष्ट करा. मूठभर लगदा काचेच्या बरणीत पाण्यात घालून हलवा आणि उजेडाला धरा. सुटे तंतू ढगासारखे तरंगतात, न फुटलेल्या काड्या पटकन तळाशी बसतात. काड्या वाढल्या, की आधी यार्डात जाऊन आज कोणता ढीग उचलला ते पाहा. मशीनचे आकडे त्यानंतर बदला.

सातवी पायरी : बोर्ड तपासा

भारतीय मानक ब्युरोचं हार्डबोर्डाचं मानक आयएस १६५८ आहे. विक्रीसाठी प्रयोगशाळेचा दाखला लागतो, पण रोजची तपासणी तराजू, मोजपट्टी आणि मायक्रोमीटरवर होते.

१० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा. जाडी ३ मिलिमीटर असेल तर त्याचं आकारमान ३० घन सेंटिमीटर. वजन २८.५ ग्रॅम भरलं तर घनता ०.९५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हार्डबोर्डाची घनता साधारण ०.८ ते १.१ च्या दरम्यान असते. एकाच बोर्डाच्या मधून आणि चारी कोपऱ्यांतून असे तुकडे घ्या. फरक जास्त असेल तर चटई सारखी पसरलेली नाही. मग तोच तुकडा २४ तास साध्या पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन आणि जाडी घ्या. जाडी ३ वरून ३.६ झाली तर फुगवटा २० टक्के.

फुगवटा अचानक वाढला तर मेण आणि सामू पाहा, पण त्याबरोबरच त्या दिवशी कोवळं, सालीसकट किंवा बुरशीचं लाकूड गेलं का तेही पाहा. तुकडा वाकवल्यावर कडकन सरळ रेषेत तुटला तर आखूड तंतू किंवा चुरा जास्त झाला आहे. तुटलेल्या कडेला लांब केस निघाले तर तंतू ठीक आहे. थर कांद्यासारखे सुटले तर जड किंवा तेलकट लाकूड वाढलं का, आणि चटई फार ओली असताना प्रेस झाली का, हे दोन्ही तपासा. पत्र्याला बोर्ड चिकटतोय, गडद गोल डाग पडताहेत, तेव्हा साखर किंवा राळ पाण्यात साठली आहे. ओल्या पद्धतीत तेच पाणी पुन्हा फिरवतात, त्यामुळे आजच्या सालईचा डाग परवाच्या सुबाभळीवरही उठतो. अशा वेळी थोडं ताजं पाणी घ्यावं लागतं. काढलेलं पाणी मात्र तसंच नाल्यात सोडू नका, ते विहिरी नासवतं. प्रक्रिया करूनच बाहेर जाऊ द्या.

हे सगळे निकाल एका वहीत लिहा: तारीख, ढिगाची पाटी, प्रमाण, ओल, घनता, फुगवटा. नवीन पुरवठादाराचा पहिला ट्रक आला की त्याचा स्वतंत्र ढीग लावा, एका पाळीत त्याचं प्रमाण थोडं ठेवून चालवा आणि २४ तासांची पाण्याची चाचणी हातात आल्यावरच दुसरा ट्रक मागवा.